टॉवर नको, रेंज हवी

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘सेल ते ६जी : संशोधनाची वाटचाल’. एवढं सगळं पन्नास मिनिटांत होणार नाही हे मलाही ठाऊक आहे आणि आयोजकांनाही. पण पत्रिका छापून गेल्यावर बोलणार कोण? तेव्हा मी माझ्या मनातलं बोलतो, आणि शेवटी वेळ उरला तर ६जीला उभं करतो.

माझी तक्रार अशी, की मोबाइलचा इतिहास म्हणून आपल्याला जे सांगतात तो हँडसेटचा इतिहास असतो. ३ एप्रिल १९७३. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर मोटोरोलाचे मार्टिन कूपर किलोभराचा फोन कानाला लावून उभे आहेत आणि फोन लावतायत कुणाला, तर एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या बेल लॅब्ज प्रयोगशाळेतल्या जोएल एंगल यांना. म्हणजे थेट प्रतिस्पर्ध्याला! ‘जोएल, मी मोबाइलवरून बोलतोय, हातातल्या मोबाइलवरून.’ किस्सा झकास आहे. एंगल यांना तो फोन आठवतच नाही असं म्हणतात, असं पुढे कूपरच सांगत. आपल्याला टोमणा मारणारा फोन आपण तरी कशाला लक्षात ठेवू? (हशा)

पण फोन ज्यांना लावला त्या एंगल यांचं काम काय होतं, हे कुणी विचारत नाही. ते, रिचर्ड फ्रेन्कील आणि फिलिप पोर्टर ही मंडळी तेव्हा मोबाइलचं जाळं कसं बांधायचं याचा आराखडा करत होती. कूपरांच्या हातात यंत्र होतं, यांच्या कागदावर शहर होतं. यंत्राचा फोटो निघतो. शहरभर पसरलेल्या हिशेबाचा फोटो कसा काढणार? म्हणून शाळेच्या पुस्तकात कूपर आले आणि एंगल राहिले ते फोन उचलणारा माणूस म्हणून.

आता माझं लाडकं म्हणणं एका वाक्यात सांगून टाकतो. गेल्या पाऊणशे वर्षांत या क्षेत्रात जे जे मोठं झालं, त्यातलं बहुतेक सगळं एकाच युक्तीचं रूप आहे : तीच लहर, म्हणजे तीच फ्रिक्वेन्सी, त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी पुन्हा वापरायला द्यायची. नवी फ्रिक्वेन्सी कुणी कारखान्यात काढत नाही. आहे त्यातच भागवायचं असतं.

हे भागवायची वेळ का आली ते बघा. १७ जून १९४६ ला अमेरिकेत सेंट लुइस शहरात गाडीतला टेलिफोन सुरू झाला. यंत्राचं वजन छत्तीसेक किलो, ते डिकीत ठेवायचं. शहरासाठी एक उंच अँटेना आणि एका वेळी अख्ख्या शहरात तीन बोलणी. चौथ्याने थांबायचं. पुढे तीस वर्षं गेली तरी, १९७६ मध्ये, न्यूयॉर्कसारख्या शहरात बारा चॅनेलवर जेमतेम साडेपाचशे ग्राहक होते आणि प्रतीक्षा यादीत ३,७०० जण. आपल्याकडे घरच्या काळ्या फोनसाठी नंबर लावून बसलेली मंडळी इथे पुढच्या रांगेत दिसतायत, त्यांना यात काही नवल वाटणार नाही. अर्ज वडिलांनी केला, फोन आला नातवाच्या बारशाला. फरक एवढाच की आपल्याकडे तारा आणि एक्स्चेंज कमी होते आणि तिकडे हवेतली जागा संपली होती. तारा जास्तीच्या ओढता येतात.

उत्तर मात्र न्यूयॉर्कची ती यादी लागण्याच्या कितीतरी आधी कागदावर होतं. डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅब्जमधल्या डग्लस रिंग यांनी एक अंतर्गत टिपण लिहिलं. त्यात त्यांचे सहकारी रे यंग यांचाही वाटा होता. टिपणाचा मुद्दा असा : शहरावर एक मोठी अँटेना लावण्याऐवजी शहराचे षटकोनी तुकडे, म्हणजेच सेल, करा. प्रत्येक तुकड्यात कमी ताकदीचा छोटा ट्रान्समीटर बसवा. शेजारच्या तुकड्यांना वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी द्या आणि पुरेसं अंतर गेलं की पहिलीच फ्रिक्वेन्सी पुन्हा वापरा. षटकोनच का? मधे फट न राहता जमीन झाकू शकणारे सारख्या बाजूंचे आणि सारख्या कोनांचे आकार तीनच : त्रिकोण, चौकोन आणि षटकोन. त्यांत वर्तुळाच्या सगळ्यात जवळचा षटकोन. प्रत्यक्षात टॉवरची हद्द षटकोनी नसतेच. ती डोंगर आणि इमारती ठरवतात, कागदावरचा षटकोन फक्त इंजिनिअरच्या सोयीसाठी.

थोडं गणित करू, घाबरू नका. १३ ऑक्टोबर १९८३ ला शिकागोत अमेरिकेचं पहिलं व्यापारी सेल्युलर जाळं सुरू झालं. (टोकियोत ते १९७९ मध्येच झालं होतं, ही माझी दुसरी तक्रार, ती आज नाही.) तिथे एकूण चॅनेल होते ६६६, ते दोन कंपन्यांत अर्धे अर्धे वाटले. प्रत्येकीचे ३३३, त्यातले २१ नियंत्रणाच्या कामाला, म्हणजे बोलायला उरले ३१२. मधला एक षटकोन आणि भोवतीचे सहा अशा सात सेलमध्ये ते वाटायचे. प्रत्येक सेलच्या वाट्याला आले ४४-४५. तुम्ही म्हणाल, ३१२ होते त्याचे ४५ केले, हा कसला शहाणपणा? पण शहरात असे शंभर सेल करा, म्हणजे एका वेळी साडेचार हजारांच्या आसपास बोलणी झाली. फ्रिक्वेन्सी एकही वाढवलेली नाही. गर्दी वाढली तर सेल आणखी लहान करा, पुन्हा क्षमता वाढते. म्हणूनच लक्ष्मी रोडवर पावलापावलावर अँटेना असतात आणि मुळशीच्या आत गेलं की डोंगराआड एखादीच.

मग १९४७ चं टिपण १९८३ पर्यंत काय करत होतं? सरकारने त्यासाठी फ्रिक्वेन्सी मोकळ्या करायला फार वर्षं घेतली, हे एक. दुसरं म्हणजे माणूस बोलता बोलता एका सेलमधून दुसऱ्यात गेला तर संभाषण तुटू न देता ते नव्या टॉवरकडे सोपवायचं कसं, नवी फ्रिक्वेन्सी त्याच क्षणी द्यायची कशी, याला लागणारी स्विचिंगची बुद्धी तेव्हा नव्हती. ती बेल लॅब्जच्या एमॉस जोएल यांनी आखली (हे वेगळे जोएल, मघाचे एंगल नव्हेत). त्यांचं पेटंट १९७२ चं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर तुम्ही सासूबाईंशी अर्धा तास बोलता आणि फोन तुटत नाही, त्याला कारण जोएल. तुटला आणि तुम्ही ‘बोगदा आला’ म्हणालात, तर त्याला जोएल जबाबदार नाहीत. (हशा)

सेल लहान करण्यावरून एक सांगतो, थोडं विषयांतर आहे. आमच्या भागातल्या एका सोसायटीच्या सभेत मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. विषय होता गच्चीवरचा टॉवर. ठराव एकमताने पास : किरणोत्सर्गाचा धोका असल्याने टॉवर काढून टाकावा. पुढचा ठराव, तोही एकमताने : सोसायटीत कुणाच्याच फोनला रेंज येत नाही, तरी कंपनीकडे तीव्र निषेध नोंदवावा. मी उठून म्हणालो, दोन्ही ठरावांत काही नातं दिसतंय का? सेक्रेटरी म्हणाले, साहेब, आपण तांत्रिक बाजू बघा, नात्याचं आम्ही बघतो.

तांत्रिक बाजू अशी, की तुमच्या डोक्याला चिकटतो तो तुमचा फोन. टॉवर नाही. आणि टॉवर जितका लांब तितका फोनला मोठ्याने ओरडावं लागतं. जुना जीएसएमचा, म्हणजे २जीचा, ९०० मेगाहर्ट्झचा फोन जास्तीत जास्त २ वॅट ताकद वापरायचा आणि टॉवर जवळ असला की तोच फोन ३ मिलिवॅटपर्यंत खाली यायचा. म्हणजे सहाशेपट फरक! हे टॉवरच फोनला सांगत असतो : आवाज कमी कर, वाढव. गच्चीवरचा टॉवर घालवून त्या सोसायटीने प्रत्येक घरातला ट्रान्समीटर मोठा केला. मी हे त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, चहा पाजला आणि ठराव कायम ठेवला.

अजून एक विषयांतर, मग कैलाथ आणि पॉलराज या दोन संशोधकांकडे वळतो. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ ला कोलकत्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला आणि मोबाइल सुरू झाला. दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत, आणि आलेल्या फोनलाही पैसे! त्यावर आपण जो शोध लावला तो जगाने नोंदवायला हवा : मिस्ड कॉल. एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे पोचलो, तीन म्हणजे खाली ये. फोनची घंटा वाजवण्यासाठी नेटवर्कला खरोखर काम करावं लागतं. फोन कुठल्या सेलमध्ये आहे ते शोधायचं, त्याला हाक मारायची, चॅनेल द्यायचा. उचलला नाही तर पैसे शून्य. करोडो लोकांनी कंपन्यांच्या सिग्नलिंगवर फुकट तारा पाठवल्या. याला मी संशोधन म्हणतो. पेटंट घ्यायचं राहिलं एवढंच.

असो. आता ज्या गोष्टीसाठी मी खरं आलोय ती.

या सभागृहात सीओईपीचे, म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे, माजी विद्यार्थी किती? बरेच हात दिसतायत. थॉमस कैलाथ हे नाव किती जणांना माहीत आहे? बघा, हात निम्म्याहून कमी झाले. कैलाथ १९३५ मध्ये पुण्यात जन्मले. मल्याळी घरातले, पण पुण्याचेच. सेंट व्हिन्सेंट्समध्ये शिकले, १९५६ मध्ये आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून टेलिकम्युनिकेशनची पदवी घेतली आणि एमआयटीला गेले. तिथे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट मिळवणारे ते भारतात जन्मलेले पहिले विद्यार्थी. पुढे स्टॅनफर्डला गेले ते तिथलेच झाले.

दुसरं नाव आरोग्यस्वामी पॉलराज. यांचा जन्म तमिळनाडूतला, पण पंधराव्या वर्षी ते आपल्या खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, आले आणि नंतर लोणावळ्याला नौदलाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले. नौदलाने त्यांना दिल्लीच्या आयआयटीत पाठवलं. पाठवलं होतं एम.टेक.साठी, पण इंदिरेसन सरांनी या अधिकाऱ्यातलं पाणी ओळखलं आणि प्रकरण पीएचडीवर गेलं. तिथे एकदा परदेशातून आलेल्या एका प्राध्यापकाचं व्याख्यान झालं. ते प्राध्यापक कैलाथ. त्या व्याख्यानातला प्रश्न घेऊन पॉलराज बसले. व्याख्यानांचा असाही उपयोग होतो, हे अध्यक्षांनी कृपया टिपून घ्यावं.

मग आलं १९७१ चं युद्ध. ९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर ‘हँगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने आपली ‘खुकरी’ बुडवली. अठरा अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. पाणबुडी जवळ असताना ती सापडत का नाही? आपल्या जहाजांवरची सोनार यंत्रं, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडी शोधणारी यंत्रं, ब्रिटिश बनावटीची होती, आणि आपला समुद्र ब्रिटनसारखा थंड नाही. उन्हाने वरचा थर तापतो, खालचा गार राहतो आणि आवाज सरळ जाण्याऐवजी खाली वळतो. त्यात समुद्राचा तळ, पृष्ठभाग, माशांचे थवे, सगळ्यांवरून आपटून प्रतिध्वनींचा नुसता कल्लोळ. या कल्लोळातून पाणबुडीची एक बारीक परत हाक वेगळी काढायची.

युद्धानंतर ते जुनं सोनार सुधारण्याचं काम नौदलाने पॉलराज यांच्याकडे दिलं. ते जमलं, तेव्हा कोचीच्या नौदल प्रयोगशाळेत संपूर्ण नवं सोनार बांधायचं काम दिलं. त्याचं नाव ‘अप्सोह’. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते तयार झालं. आपल्याला यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट एकच : या माणसाने उमेदीची वर्षं प्रतिध्वनींच्या संगतीत काढली. अनेक कान एका ओळीत लावायचे, प्रत्येक कानाला किंचित वेगळं ऐकू येतं, त्या फरकावरून आवाज कुठून आला ते काढायचं, हा त्यांचा हातखंडा झाला. मधे ते स्टॅनफर्डला कैलाथांकडे जाऊन आले. तिथे रिचर्ड रॉय, पॉलराज आणि कैलाथ यांनी मिळून अँटेनांच्या ओळीवरून दिशा शोधण्याची ‘एस्प्रिट’ ही पद्धत काढली. नौदलातून कमोडोर म्हणून निवृत्त झाल्यावर ते पुन्हा तिकडेच गेले.

तिथे एका लष्करी प्रयोगात एकाच फ्रिक्वेन्सीवर येणारे दोन सिग्नल अँटेनांच्या ओळीने वेगळे करायचे होते. नेहमीचं शहाणपण असं, की दोन्ही ट्रान्समीटर एकमेकांजवळ आणले की ते वेगळे करणं अशक्य होत जाणार. पण भोवताली लहरी आपटायला, विखुरायला गोष्टी असल्या तर ते वेगळे करता येत होते. उलट विखुरण्यामुळेच करता येत होते. रेडिओवाल्यांच्या कित्येक पिढ्यांनी ज्याला शिव्या दिल्या, ते प्रतिध्वनी इथे मदतीला आले होते. दुसऱ्या कुणी याला गडबड म्हणून वहीतून खोडलं असतं. समुद्रात आयुष्य घालवलेल्या माणसाने विचारलं : दोन ट्रान्समीटर वेगवेगळ्या माणसांचे कशाला हवेत? एकाच टॉवरवरून, एकाच फ्रिक्वेन्सीवर, मुद्दाम दोन वेगवेगळे संदेश एकदम सोडले तर? १९९२ मध्ये पॉलराज आणि कैलाथ यांनी पेटंटसाठी अर्ज केला. १९९४ मध्ये अमेरिकेचं पेटंट क्रमांक ५३४५५९९ मिळालं. यालाच पुढे मायमो म्हणू लागले : ‘मल्टिपल इनपुट, मल्टिपल आउटपुट’, म्हणजे दोन्ही टोकांना अनेक अँटेना.

अध्यक्षांनी पहिली चिठ्ठी पाठवली आहे. दहा मिनिटं. ठीक आहे.

हे चालतं कसं, ते नववी-दहावीच्या बीजगणितात आहे. एकसामयिक समीकरणे आठवतात? टॉवरवरच्या दोन अँटेनांनी एकाच वेळी दोन आकडे पाठवले, क्ष आणि य. फोनलाही दोन अँटेना. प्रत्येकीला दोन्हींची मिसळ ऐकू येते. पहिलीला आलं २क्ष + य = ७. दुसरीला आलं क्ष + ३य = ११. सोडवा. क्ष = २, य = ३. दोन्ही संदेश सुटले, फ्रिक्वेन्सी एकच. आता समजा मोकळं मैदान आहे, मधे काही नाही. दोन्ही अँटेना शेजारी शेजारी असल्याने दोघींना जवळपास एकच मिसळ ऐकू येते : पहिलीला २क्ष + य = ७ आणि दुसरीला ४क्ष + २य = १४. हे दुसरं समीकरण नाहीच, पहिल्याचीच दुप्पट आहे. बाईंनी फळ्यावर कितीही वेळ घातला तरी सुटणार नाही. समीकरणं खरोखर वेगळी व्हायला लहरींना इमारतींवरून, कपाटांवरून, भिंतींवरून आपटत यावं लागतं. आणि सहगुणक कुठून कळतात? त्यासाठी टॉवर अधूनमधून आधी ठरलेला संदेश पाठवतो, फोन तो ऐकून सहगुणक मोजतो. तुम्ही चालायला लागलात की ते बदलतात, म्हणून सेकंदात कितीतरी वेळा पुन्हा मोजायचे.

सुरुवातीला या कल्पनेवर फारसा विश्वास ठेवला गेला नाही. मग बेल लॅब्जमध्ये तेलातार आणि फोस्चिनी यांनी गणिताने दाखवलं की दोन्हीकडे अँटेना वाढवत नेल्या तर क्षमता त्या प्रमाणात वाढते, आणि १९९८ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत ते चालवूनही दाखवलं. पॉलराज यांनी स्वतः कंपनी काढली, ती पुढे इंटेलने घेतली. आज ४जी, ५जी आणि घरचा वायफाय, सगळीकडे मायमो आहे. पॉलराज यांना २०१४ मध्ये मार्कोनी पारितोषिक मिळालं, कैलाथांना २०१७ मध्ये मार्कोनी सोसायटीचा जीवनगौरव पुरस्कार. म्हणजे रिंग यांनी अंतर ठेवून लहर पुन्हा वापरली आणि या दोघांनी त्याच जागी, त्याच क्षणी पुन्हा वापरली. माझं लाडकं म्हणणं ते हेच.

दुसरी चिठ्ठी आली. आता पळतो.

५जीच्या टॉवरवर जे चपटं पांढरं खोकं दिसतं त्यात बहुधा चौसष्ट ट्रान्समीटर आणि चौसष्ट रिसीव्हर असतात. ९०० मेगाहर्ट्झची लहर ३३ सेंटिमीटर लांब, ३.५ गिगाहर्ट्झची साडेआठ. लहर आखूड म्हणून अँटेनाही लहान आणि म्हणून इतक्या अँटेना एका खोक्यात मावतात. या ‘मॅसिव्ह मायमो’चा पाया टॉम मार्झेटा यांनी २०१० मध्ये घातला. दुसरा प्रवाह चुका दुरुस्त करणाऱ्या कोडचा. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मर्यादा सांगितली की इतकं बिनचूक पाठवता येईल, याहून जास्त नाही. त्या मर्यादेजवळ पोचवणारे कोड रॉबर्ट गॅलगर यांनी १९६०च्या सुमारास काढले, पण तेव्हाच्या संगणकांना ते झेपले नाहीत आणि तीस वर्षं जवळपास कुणी वळून पाहिलं नाही. आज ५जीचा डेटा त्याच घराण्यातल्या कोडमधून येतो. नियंत्रणाच्या संदेशांना तुर्कस्तानातल्या एर्दाल अरिकान यांचे पोलर कोड आहेत, आणि अरिकान हे गॅलगर यांचेच विद्यार्थी. यावर खरं तर वेगळं व्याख्यान हवं. आयोजकांनी मनावर घ्यावं.

आणि ६जी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने २०२३ मध्ये त्याची चौकट ठरवली, लक्ष्य २०३० च्या आसपासचं. त्यात मला रस आहे तो एका भागात : नेटवर्कनेच रडारचंही काम करायचं. टॉवरने सोडलेली लहर गाडीवर, ड्रोनवर, माणसावर आपटून परत येईल, त्यावरून ती वस्तू कुठे आहे आणि किती वेगाने चाललीय ते काढायचं. म्हणजे रस्त्यावरचं सोनारच. अडचण ही, की संदेश पाठवायला लहर जितकी बेभरवशी आणि सतत बदलती हवी, तितकी मोजमापाला ती ठरलेली आणि ओळखीची हवी. एकाच लहरीकडून दोन्ही कामं घ्यायची तर कुणाला किती द्यायचं, यावर सध्या जगभर पेपर लिहिले जातायत. शिवाय रडार झालं की ते कुणाला पाहतंय हा प्रश्नही आलाच, आणि तो काही इंजिनिअर एकट्याने सोडवणार नाहीत.

अध्यक्ष उभे राहिले म्हणजे मला बसलं पाहिजे. प्रश्न जरूर विचारा. फक्त ‘कोणत्या कंपनीचं कार्ड घेऊ’ हा सोडून.